अक्कांची स्टोव्हवरची नजर

"हाऊ कोनी भरा?"

स्टोव्ह दिसला की अक्का आधी हेच विचारायच्या. स्टोव्हमध्ये रॉकेल कोणी भरलं ते कळल्याशिवाय त्या काडी ओढू द्यायच्या नाहीत. मग वाकून टाकीला नाक लावायच्या, बोटाने झाकण दाबून बघायच्या, आणि भरणाऱ्याच्या तोंडाकडे असं बघायच्या, जसं त्यानेच काहीतरी लपवलंय.

मी भरीत करणारा माणूस. शाळा चौथीतच सुटली, पण थंडीत जळगावच्या आसपास कुणाच्या मळ्यात भरीत पार्टी असली की बोलावणं मला यायचं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचावीत ती मीच. अक्का पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत राहायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, बोली तिकडची. पुऱ्या तळायला त्या माझ्यासोबत यायच्या. पऱ्हाटीचा जाळ वांग्यांना लागायचा, म्हणून पुऱ्यांना पंपाचा स्टोव्ह.

त्या स्टोव्हवरून आमचं रोज वाजायचं. एकदा केळीच्या बागेच्या कडेला मी स्टोव्ह मांडला.

"नाना, खाले पाचोळा शे."

"शे तर शे. जन्म जाळापुढे गेलाय माझा."

अक्कांनी स्टोव्ह उचलला, मोकळ्या वावरात नेला, पायाने ढेकळं फोडून जागा सपाट केली आणि वाऱ्याच्या अंगाला बैलगाडी आडवी लावायला लावली. पदर कमरेला खोचला. बाजूला मातीची पाटी भरून ठेवली. एवढं सगळं पुऱ्यांसाठी! मला राग यायचा. वाटायचं, ही बाई माझ्यावर संशय घेते.

पुऱ्या अर्ध्यात आल्या आणि रॉकेल संपलं. मी डबा घेऊन धावलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"गार होऊ द्या आधी."

पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "अक्का, इकडे आम्हीपण गार होतोय!"

"व्हा. गार मानूस चालस, जळेल नही चालत."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

एका थंडीच्या सकाळी तर मळ्यातल्या राखणदाराच्या खोपीतून त्यांनी पेटती कोळशाची शेगडी फरफटत बाहेर काढली. आत तो दार लावून ऊब घेत बसला होता. तो चिडला, यांनी त्यालाही बाहेर ओढलं. डोकं जड झालंय म्हणत तो बांधावर बसला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "शेगडी बाहेर पेटव. आत फक्त गोधडी."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना भित्री म्हणतो. मीही म्हणायचो.

त्यांची एकच पोर, धुळ्याकडच्या एका खेड्यात दिलेली. एक दिवस तिकडचा एक माणूस बाजाराला आला आणि निरोप सांगून गेला. शेतात भरीत पार्टी होती, पोर भर वाऱ्यात स्टोव्हला पंप मारत बसली, भडका उडाला, थोडी भाजली. आता बरी आहे. येऊ नका.

"बरी शे, तर येऊ नका कसाले म्हनतस?" अक्कांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "उगाच शंका घेऊ नका. स्टोव्हचा काय भरवसा."

"स्टोव्हना भरवसा शे, नाना. तो सांगीसन भडकस."

बाईमाणूस एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत गेलो. खरं सांगायचं तर त्यांनी तिथे तमाशा करू नये म्हणून गेलो.

पोर ओसरीवर पालथी झोपलेली. तोंडावर डाग नाही. अक्कांनी तिचे दोन्ही हात उलटे-पालटे करून बघितले. फोड नाही. मग भाजलेल्या पाठीवरचं फडकं उचललं, आणि मी मान फिरवली.

"स्टो कोनी पेटवा व्हता?"

"तिनेच," जावई म्हणाला. "मारत बसली पंप. ऐकत नाही कुणाचं."

"कोनता स्टो?"

सासूने स्टोव्ह आणून आपटला. धड होता, कुठे पोचा नाही. अक्कांनी तो अंगणाच्या मधोमध सपाट जागी ठेवला, टाकीला नाक लावलं, काकड्यावर रॉकेल घालून पेटवला, दोन पंप मारले. निळी ज्योत लागली. मग जावयाला हात जोडले.

"जवाईबुवा, आते पाठ करीसन बसा. अन् मारा पंप."

तो हलला नाही.

सासू तावातावाने पुढे आली. "वेडी झाली का विहीणबाई? स्टोव्हकडे पाठ करून पंप मारतं का कुणी?"

अंगणात नुसता स्टोव्हचा आवाज. सासूचा हात हळूहळू तोंडावर गेला. जावई खाली बघत होता. अक्कांनी चावी सैल केली. ज्योत विझली.

"चाल बेटा. घर जाऊ."

कोणी आडवं आलं नाही. आलं असतं तर मी होतो. पोलीस स्टेशनात जायचं का, मी विचारलं. "आधी दवाखाना, मंग स्टेशन, मंग बाकीनं बठ्ठं," त्या म्हणाल्या, आणि त्याच क्रमाने सगळं केलं. पोर त्या घरी पुन्हा गेली नाही. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टोव्हही गेले, गॅस आला. आजही कुणी स्टोव्ह आपोआप भडकला म्हटलं की मी त्याच्या तोंडाकडे बघतो.

त्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करून, स्टेशनात तक्रार देऊन आम्ही एसटीत बसलो. पोरीला पाठ टेकवता येईना. गाडी उडाली की ती कळवळायची. अक्का उठल्या, दोन सीटच्या मधल्या फटीत तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. मी तीनदा म्हणालो, अक्का, बसा. कंडक्टर म्हणाला, मावशी, जागा आहे. पोर त्यांच्या पोटाशी डोकं ठेवून झोपली होती. अक्का वरचा दांडा धरून जळगाव येईपर्यंत तशाच उभ्या होत्या.