पडद्यावरचा तारा

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तोंडाने सांगायला धजले नसते — म्हणून लिहिते आहे.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, निनाद, तू कॉम्प्युटरवरचा तुझा कामाचा काळा पडदा दाखवलास. ओळीच्या सुरुवातीला एक छोटा तारा होता, * असा. हा दिसतो तोवर काम पक्कं झालेलं नसतं, म्हणालास. मी म्हटलं, "असं होय?" — जणू पहिल्यांदाच पाहत होते.

तो तारा मी चांगला ओळखते. बालाघाटच्या आमच्या ऑफिसात तो दिसावा, ही सोय मीच करून घेतली होती. बैहरकडच्या गावांच्या याद्यांतली चुकलेली नावं दुरुस्त करायची होती. सुलोचना — लामता गावची, हंगामी नोकरीवरची — दिवसभर टाइप करायची. संध्याकाळी मी तपासून 'कमिट' द्यायचे. त्याशिवाय काही कायम होत नसे, आणि ते मी दुसऱ्या कुणाला देऊ देत नसे. शिस्त ना माझी.

एका शुक्रवारी साडेपाच झाले. नावं तपासून झाली होती. टेबल पुसलं, विंडो बंद केली, की-बोर्डवर कव्हर घातलं. तारा होता का? होता — 'कमिट' द्यायचं राहिलं होतं. बंद करता करता दिसला. सोमवारी बघू म्हटलं — आणि कुलूप लावलं.

सोमवारी साहेबांनी यादी काढली. एकही नाव बदललेलं नव्हतं. असं सोडलेलं काम मागे खूणही ठेवत नाही. सुलोचनाने दिवसभर काही केलंच नाही, असं दिसत होतं. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणाले, "केलेलं दिसत तर नाही."

हे खोटं होतं का? शब्दांनी नव्हतं. म्हणूनच ते शब्द निवडले.

ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, तुमी तं सारी नावं तपासली होती ना? सांगा ना साहेबायले."

मी फाइल उघडली. "मला आठवत नाही," म्हटलं.

"हौ," म्हणाली ती. एवढंच. महिनाअखेरीस तिला नेमणुकीची पुढची ऑर्डर मिळाली नाही.

अजून कधी बाजारात भेटते. तुमची चौकशी करते. नातू कॉम्प्युटरचंच काम करतो, असं सांगितलं तर म्हणाली, "मंग, तुमीच शिकवलं असन." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मला सगळं आठवतं. त्या दिवशीची तिची सारी नावं मी तपासली होती. एकही चुकलेलं नव्हतं.