उलटा शर्ट

आमच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत कपडे उलटे करून वाळत घालतात. चिमणीची राख आतल्या बाजूला बसते. अंगाला खाजली तरी चारचौघांत दिसत नाही.

आज सकाळी चिमणीला धूरच नव्हता. आकाश कसं निळं होतं! शेजारच्या शोभावहिनी मात्र नवऱ्याचा पांढरा शर्ट हातात धरून चिमणीकडे बघत उभ्या होत्या.

"कोळशाची केंद्रं बंद करायचं धोरण आलंय म्हणे. मग आम्ही कुठं जायचं?"

"हवा तरी सुधारेल, वहिनी."

"नुसत्या हवेवर पोट भरतं का?"

आमचीही चूल त्याच चिमणीवर पेटते.

तेवढ्यात चिमणीच्या तोंडाशी करडा धूर दिसला. वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या खोकल्या आणि शर्ट उलटा करून त्यांनी दोरीवर टाकला.