टाचणीताईंचं अर्धं मिनिट

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणा समजायला नको. पोटात कावळे ओरडत होते म्हणून मी अर्धं मिनिट आधीच पेन्सिल खाली ठेवली, आणि नेमकं त्याच अर्ध्या मिनिटात सभागृहात एक वाक्य बोललं गेलं.

सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवणं हे आम्हा प्रतिवेदकांचं काम. अध्यक्षांच्या उंच आसनाच्या पायथ्याशी आमचं एक लहानसं टेबल आहे. दर पाच मिनिटांनी माणूस बदलतो, कारण सहाव्या मिनिटाला हात जिभेच्या मागे पडू लागतो. पुढचा माणूस अर्धं मिनिट आधी येऊन बसतो आणि तेवढा वेळ दोघंही लिहितात. या सामाईक तुकड्याला आम्ही ‘सांधा’ म्हणतो. मग खोलीत जाऊन टंकलेखन करायचं, एकमेकांचे सांधे जुळवायचे, आणि त्यानंतरच प्रत वर सचिवांकडे धाडायची. मी सांधा लिहिला नाही आणि जुळवलाही नाही. शेवटी ‘ठराव संमत झाला’ असं अंदाजाने ठोकलं, प्रत वर पाठवली आणि जेवायला गेलो. गाळलेल्या जागा भरण्यात आमच्या गावच्या शाळेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

माझ्यानंतरची पाळी टाचणीताईंची होती. हे नाव अर्थात पाठीमागचं. तोंडावर नुसतं ताई. अंगाने बारीक, ताठ, आणि लागल्या की रक्त काढणाऱ्या. एकतीस वर्षं त्या टेबलाशी बसल्या. लग्न झालं तेव्हा सासूबाईंना सुनेची नोकरी कळायलाच वर्ष गेलं. दुसऱ्यांची भांडणं लिहून घ्यायचा पगार मिळतो, हे त्या शेजारणींना सांगायच्या तेव्हा शेजारणी म्हणे फार हळहळायच्या. आपण इतकी वर्षं फुकटात ऐकली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घरात चौदा घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. ताई म्हणायच्या, सांधा जुळतो तो फक्त ऑफिसात.

खोडरबर त्यांनी कधी वापरलं नाही. लिहिताना चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. मला पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नवंकोरं खोडरबर खिडकीबाहेर टाकायला लावलं होतं.

तर त्या दुपारचं. परिचारिकांचं वसतिगृह मोडीत काढून जागा विकायचा ठराव होता. चर्चा संपली, अध्यक्षांनी प्रश्न मतास टाकला. आमच्याकडे आधी आवाजावर निकाल लागतो. ठरावाच्या बाजूचे ‘होय’ ओरडतात, विरोधातले ‘नाही’ ओरडतात आणि अध्यक्ष कानाने तोलतात. पण निकाल जाहीर होण्याआधी एका सदस्याने जरी मतविभागणी मागितली, तरी घंटा वाजवून, दारं लावून, डोकी मोजावी लागतात. शिवाय कोण कुठल्या बाजूला गेलं, ती नावं छापून येतात. ओरडणाऱ्याचं नाव कुठे येत नाही, म्हणून पुष्कळांना ओरडणंच बरं वाटतं.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरचे म्हातारे सदस्य उठले. त्यांचा आवाज म्हणजे सर्दलेली काडी. पेटली तर पेटली. ते म्हणाले, मी मतविभागणी मागतो. अध्यक्षांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनाही भूक लागली असावी. ठराव संमत जाहीर झाला आणि सभागृह जेवणासाठी उठलं. ते वाक्य ताईंच्या वहीत होतं. माझ्या वहीत भूक होती.

तीन वाजता सचिवांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. टेबलावर दोन प्रती शेजारीशेजारी. माझ्यात म्हातारे उठलेच नव्हते. ताईंच्यात उठून, बोलून, निकाल लागल्यावर पुन्हा बसले होते. सचिव साखरेत घोळून बोलणारे गृहस्थ. मला त्यांनी मन लावून काम करणारा मुलगा म्हटलं, तेव्हाच मी सावध झालो. ताईंना म्हणाले, एवढं एक वाक्य काढलंत की सांधा जुळतो. मग सहज आठवल्यासारखं म्हणाले की पुढच्या महिन्यात मुख्य प्रतिवेदकांची खुर्ची रिकामी होतेय आणि यादीत पहिलं नाव ताईंचंच आहे. त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसलेली नव्हती. ताईंनी नऊ वर्षं तिची वाट पाहिली होती, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

ताई म्हणाल्या, “ऐकलं ते लिहिलंय, साहेब. काढायचा अधिकार अध्यक्षांचा. त्यांनी लेखी आदेश द्यावा, मी लगेच काढते. मग नियमाप्रमाणे त्या जागी तीन चांदण्यांच्या खुणा छापून येतील, आणि खाली टीप, की अध्यक्षांच्या आदेशाने वगळलं.”

चांदण्या दिसल्या की इथे काय होतं, हे कोणीही विचारणार. सचिवांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी मोहरा वळवला.

“बाई, शेवटच्या बाकावरच्या ह्याच म्हाताऱ्यांनी भर सभागृहात तुमची तक्रार केली होती ना? भाषण बिघडवलं म्हणून?”

“केली होती. पाळी माझीच होती. तीही मीच लिहून घेतली.”

मला हसू आलं आणि ते महागात पडलं, कारण ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी सचिवांच्याच टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी आपणहून कबुली दिली असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण ती खोटी नोंद होईल. माझी नोकरी अजून कच्ची होती. मी आधी बुटांकडे पाहिलं, मग दाराकडे.

“अरे, भूक लागली होती एवढंच लिही,” ताई म्हणाल्या. “भुकेला कोणी फाशी देत नाही.”

मी लिहिलं, की शेवटचं अर्धं मिनिट मी लिहीत नव्हतो. खाली सही केली. सचिवांनी तो कागद दोन बोटांनी उचलला, जसं काही वरणातून झुरळ काढताहेत.

अध्यक्षांनी आदेश दिला नाही. वाक्य छापून आलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी छापील पान हातात धरून हरकतीचा मुद्दा मांडला. आता पान बोलत असल्यामुळे आवाज बारीक असला तरी चाललं. प्रश्न पुन्हा मतास टाकावा लागला. घंटा वाजली, दारं लागली, डोकी मोजली. पाळी ताईंची नव्हती, तरी त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

ठराव तीन मतांनी संमत झाला. म्हणजे व्हायचं तेच झालं, पण नावानिशी. संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकावर त्या नावांचं पान कोणीतरी डकवलं, आणि पुढचे कितीतरी दिवस काही सन्माननीय सदस्य इस्पितळात जाताना मागचं दार शोधत होते. सचिवांनी ताईंना जिन्यात गाठून विचारलं, एवढं करून मिळवलंत काय? ताई म्हणाल्या, “मोजणी.”

खुर्ची दुसऱ्याला गेली. ताईंना तळघरात जुन्या कामकाजाची विषयसूची करायला बसवलं. तिथे खिडकी नाही. जाताना त्यांनी टेबलाला ठोकलेलं पेन्सिलीचं गिरमिट स्क्रू काढून सोबत नेलं; पावती मागायची कोणाची छाती झाली नाही. मला वाटलं, टाचणी आता गंजणार. सहा महिन्यांनी सूचीचा नवा खंड आला, तर त्यात ‘मतविभागणी’खाली एक नवीन ओळ: ‘मागितली, दिली नाही’. पुढे पानांचे आकडे, एकतीस वर्षांचे. सचिवांनी ती ओळ काढायला सांगितली. ताईंनी लेखी आदेश मागितला.

आमच्यात एक रीत आहे. कोणी तुमच्या वाटचं लिहिलं, की तेवढा वेळ तुम्ही त्याच्या पाळीत भरून द्यायचा. माझं अर्धं मिनिट ताईंनी लिहिलं होतं. ते फेडायला मी एकदा खाली गेलो. त्या पानं उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “इथे पाळ्या नाहीत रे. असू दे तुझ्याकडेच. लागलं की मागेन.”

अजून मागितलेलं नाही.