नाक्यावर अडलेली ओटी

लढाईच्या दिसांत जामखेडच्या पुढं, मोगलाईच्या म्हंजी निजामाच्या हद्दीवर सरकारानं धान्याचा नाका बसवला आन् पाटी लावली. मला वाचता येत न्हाई. पाटी दिसली की वाटायचं, ही माझ्याबद्दलच लिव्हलीया.

धाकट्या बहिनीला मी छकड्यातनं सासरी सोडाया निगाल्तो. सासर पल्याड मोगलाईत. पयलं लेकरू गेल्यापून ती वरीसभर आमच्याकडंच हुती. आता पुन्ना नांदाया चालली म्हून आईनं तिची ओटी भरली. पाच वंजळी गहू, नारळ, खन. बजावलं, "सासरच्या देवापुढंच सोड. वाटंत दाना सांडू देऊ नगं."

नाक्यावर शिपायानं बैलं धरली. "धान्य हाय का?"

"न्हाई." सरकारी मानसानं काईबी इचारलं की माझ्या तोंडातनं आदी न्हाईच निगतं.

त्याची नजर बहिनीच्या पदरावर. "मग ते काय?"

"ओटी."

"ओटीत काय?"

"गहू."

"आन् न्हाई म्हनतुयास व्हय, चोरा!" त्यानं पाटी वाचून दावली. परवान्याबिगर कुनीबी, कितीबी धान्य हद्दीपार न्यायचं न्हाई. नेलं तर कैद. "कुनीबी म्हंजी तुजी बहीनबी आली. कितीबी म्हंजी वंजळबी आली. वत खाली."

बहिनीनं निस्ता पदर घट्ट धरला. मी गप बसावं का न्हाई? म्हनलो, "जमादार, तुमच्या मिशीत भाकरीचा कन हाय. तुमीबी पल्याड जाऊ नगा." त्यानं बैलं सोडली आन् माझी मानगूट धरली.

तेवढ्यात मामलेदार घोड्यावरनं नाका तपासाया आलं. समदं ऐकून हसलं. "अरे, हा हुकूम गाड्याच्या गाड्या पळवणाऱ्या साठेबाजांसाठी आहे. असा शब्द न् शब्द धरलास, तर उद्या अक्षता घेऊन चाललेलं वऱ्हाडही आत टाकशील. जाऊ दे यांना."

दुसरा कुनी असता तर बैलं हाकली असती. माझ्या मनात आलं, सायब फुकट हसतुया कशापायी? पुढच्या वळनाला दुसरा शिपाई बसवला असनार. म्हनलो, "रावसाहेब, तसं लिव्हून द्या."

"मी तोंडानं सांगतोय ना?"

"व्हय, पन पाटी लिव्हलेली हाय."

त्यांचं हसू गेलं. "द्या याला परवाना," म्हनून घोडा वळवला.

शिपायानं कागद घेतला. "परवान्याला वजन लागतं. सोड ओटी, घाल तराजूत."

मी बहिनीकडं बघितलं. बहीन म्हनली, "दादा, सायबानं जा म्हनलं ना?"

"व्हय."

"मग मी चालले. तू बस कागदं गोळा करीत."

खाली उतरली, दोनी हातांनी पदर धरला आन् सरळ हद्दीपार गेली. शिपायानंबी आडवलं न्हाई. सायबाचं बोलनं त्यालाबी कळल्तं. मलाच कळलं न्हवतं.

मग त्यानं अदमासानं दोन शेर गहू लिव्हलं आन् माझा अंगठा घेतला. मी छकडा हाकला, तर पुन्ना बैलं धरली. "कागदावर दोन शेर हायेत. गाडीत कुठं हायेत? इकलं का कुनाला?"

दिस कलंडस्तवर बसवलं मला. शेवटाला बहिनीचा नवरा सोधत आला. "ओटी देवापुढं पोचली, पाव्हनं. ती म्हनती, कागद टाकून या."

मी परवाना शिपायाला परत दिला. त्यानं फाडला आन् वाट सोडली. कागदच न्हाई म्हनल्यावर गहू कुठं गेलं हे इचारायचं कारन उरलं न्हाई.

तरी मी अर्ध्या कोसापतूर मागं बघतच हुतो.