पिंजऱ्याला हात लावायचा नाही

मंदाकिनी भालेरावचं नाव काढलं की आमच्या कॉलेजातले लोक अजून म्हणतात, "कोण, ती उंदीरवाली बाई?" जिभेला काही हाड? मी नंदा, प्राणिशास्त्राच्या त्याच विभागात शिकवायचे. उभी नोकरी तिच्या शेजारच्या टेबलावर काढली, तिच्या डब्यातली तिळाची चटणी खाल्ली. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचंच झालं तर मी बोलेन.

मंदा येरवड्याची. वडील छापखान्यात कामगार, पण मुलगी शिकायची म्हटल्यावर घरात कुणी हूं की चूं केलं नाही. डॉक्टरेट झाली. लग्न राहून गेलं. केलं नाही म्हणा, झालं नाही म्हणा, तिला विचारायची माझी हिंमत नव्हती. धाकटा भाऊ संजय, भावजय कल्याणी आणि त्यांची पायल, यांच्यातच ती राहायची. पायल म्हणजे तिचा जीव की प्राण. पोरीला पोहायला नेणं, गणित शिकवणं, सगळं आत्याने केलं.

आणि काम काय, तर टेकडीवरचे छोटे रानउंदीर. मादी पिल्लांना पाजते तेव्हा तिच्या अंगातली किती शक्ती खर्च होते, ते मंदा मोजायची. मादीला हवाबंद डब्यात ठेवून तिने किती प्राणवायू घेतला ते बघायचं, तिने खाल्लेला दाणा तोलायचा, पिल्लांचं वजन घ्यायचं. वर्षानुवर्षं हेच. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? बघायलाही तसंच होतं.

पण त्यातून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. पाजणारी आई म्हणजे पेटती चूल. दूध तयार होताना तिच्या अंगात उष्णता साठते, आणि ती बाहेर पडायला वाट लागते. खोली तापली की आई खाणं कमी करते, दूध कमी होतं, पिल्लं खंगतात. मंदाने तापलेल्या खोलीतल्या काही माद्यांचे पाठीवरचे केस कापले, तर त्यांचं दूध वाढलं. हे तिने मोठ्या हौसेने सांगितलं तेव्हा प्राचार्य म्हणाले, "वा, मॅडम! आता सलूनच काढा." सगळे खो खो हसले. माझं डोकं असं फिरलं होतं!

तिचा एक नियम मात्र भयंकर कडक होता. मादी व्यायली की सुरुवातीचे दिवस पिंजऱ्याला हात लावायचा नाही. एकदा समाधान नावाच्या विद्यार्थ्याने फोटोसाठी ताजी पिल्लं उचलली. आई बिथरली आणि तिने पिल्लं खाऊन टाकली. मंदाने त्या पोराला असा काही झापला की तो रडला. "एखादं पिल्लू मरताना दिसलं तरी हात घालायचा नाही," ती म्हणायची. "हात घातला की उरलेलीही जातात." नवीन पिल्लं झाली की ती स्वतःसुद्धा पाठीमागे हात बांधून पिंजऱ्यासमोर उभी राहायची.

गेल्या वर्षी पायल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ऐन मे महिना. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणलं ते वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे दिवसभर स्लॅब तापतो. कल्याणीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पायलच्या कानात कापूस कोंबून वर स्कार्फ बांधला. सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. कल्याणीला नावं ठेवू नका हं. आमच्या पेठेतल्या घरात माझ्या सासूने माझं हेच केलं होतं, आणि तेही मायेनेच.

मंदा एकदा म्हणाली, "कल्याणी, पंखा लाव गं. तिला दूध उतरणार नाही."

कल्याणी रात्रंदिवस जागून वैतागलेली. ती फाडकन म्हणाली, "वन्सं, तुमच्या उंदरांची बाळंतपणं वेगळी. पोटी एक झालं असतं तर कळलं असतं." त्यावर पायल रडायला लागली, तिला हुंदके आवरेनात, आणि बाळ दचकून अंगावरून सुटलं. मंदा खोलीबाहेर आली. त्यानंतर ती आत जाईनाशी झाली.

मग बाळ रडेनासं झालं. कल्याणी शेजारणींना कौतुकाने सांगायची, "किती गुणाचं आहे बघा, आवाज नाही!" मंदाने ते जिन्यात ऐकलं. गप्प झालेलं पिल्लू आधी जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती दाराशी उभी राहिली, पाठीमागे हात बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला राहवलं नाही. तिने दार ढकललं, बाळ उचललं. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडेठाक. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय. दुपारी बाळ गेलं.

मी तेव्हा नाशिकला बहिणीकडे होते. आल्यावर हे ऐकलं आणि मंदावर अक्षरशः ओरडले. "अगं बाई, तू आयुष्यभर दुसरं केलंस काय? गप्प का बसलीस?"

ती म्हणाली, "पायल बिथरली होती गं. मला वाटलं, पहिले दिवस जाऊ देत."

माणसाची पोर आणि उंदराची मादी एक नाही, हे मी तिला काय सांगणार? आणि एक असल्या तरी काय, तापल्या खोलीत दूध आटतं हे तिला ठाऊक होतंच की.

पायल बिबवेवाडीला सासरी परत निघाली त्या दिवशी मी मंदाच्या घरीच होते. रिक्षा दारात उभी. पायल जिन्याखाली थांबली.

"आत्या, तुला माहीत होतं?"

नाही म्हणाली असती तर कुणी शोध घ्यायला जाणार नव्हतं. मंदा म्हणाली, "हो."

कल्याणी मटकन पायरीवर बसली. "अहो वन्सं," ती ऊर फुटल्यासारखी ओरडली, "मग माझ्या मुस्काटात मारून खिडकी उघडायची होती ना हो!"

पायल पिशवी घेऊन रिक्षाकडे वळली. मंदाने तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि तसाच मागे घेतला. अगं ठेव की, मेले, ठेव, मी मनातल्या मनात किंचाळत होते. रिक्षा सुरू झाली आणि गेली.