ओव्याच्या दरडीतला नर

पनवेलच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात माश्या मारते. ऐकायला वाईट वाटेल, पण नव्या जातीचं वर्णन करायचं तर दुसरा मार्ग नाही. काचेच्या बरणीत औषधात भिजवलेला कापसाचा बोळा असतो. माशी आत सोडली की ती पंख आपटते, पाय झाडते, जीभ लांब बाहेर येते आणि मग सगळं थांबतं. नंतर छातीतून टाचणी.

माझ्या माश्या मधमाश्यांच्याच कुळातल्या, पण पोळं करत नाहीत. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी एकटीच मातीत बीळ खणते, परागाच्या गोळ्यावर अंडं घालते, तोंड बुजवते आणि थोड्या दिवसांत मरून जाते. ओवे गावामागे, डोंगर सुरू होतो तिथे, मातीची एक उभी दरड होती, अशा बिळांनी चाळणी झालेली. या गटातल्या माद्यांच्या पोटावर निळे पट्टे असतात. तिथल्या माद्यांचे राखाडी होते. ओळखीच्या कुठल्याच जातीशी त्यांचं जमेना.

मी काही माद्या बंगळुरूला एका ज्येष्ठ संशोधकांकडे पाठवल्या. त्यांचा फोन आला. "वेगळी वाटते खरी. पण या गटात माद्या बघून काही सांगता येत नाही. नर आण. त्याचे मागचे पाय बघ, पोट उघडून आतले भाग बघ. आणि नर अख्खा हवा, तुटका नको."

अख्खा नर मिळवणं किती अवघड आहे ते मला दसऱ्यानंतर कळलं. नर आधी बाहेर येतात आणि दरडीपाशी टपून बसतात. एखादी मादी बिळातून डोकं काढते न काढते तोच सगळे तिच्यावर तुटून पडतात. नरांचा एक गुंता मातीत गडगडत खाली येतो. एकमेकांचे पाय चावतात, पंख फाडतात. एकदा गुंता सुटला तेव्हा मधली मादी मान मुरगळून पडली होती आणि एक नर तरीही तिला सोडत नव्हता. खाली पडलेले नर मी चिमट्याने उचलून बघायची. कुणाला मागचा पाय नाही, कुणाला पोटच नाही. मुंग्या त्यांना जिवंतपणीच ओढून न्यायच्या.

दरड जिच्या जमिनीत होती त्या काकी कधी कधी शेजारी येऊन बसत. साठीच्या, दणकट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. लेक लग्न होऊन उरणकडे गेलेली. "आमच्या घरासारखंच चाललंय यांचं," असं एकदा म्हणाल्या आणि हसल्या. दीर शेजारच्याच घरात राहायचा. त्याला अख्खी जमीन एका बिल्डरला द्यायची होती. काकींनी अंगठा द्यायला नकार दिला होता.

ज्या सकाळी मला अख्खा नर मिळाला, त्याच सकाळी पोकलेन आलं. नर बरणीत शांत झाला होता, मी बरणी खिशात टाकत होते, तोवर दरडीच्या पलीकडच्या टोकाला पोकलेनचा पंजा पडला. माती धाडकन खाली आली. काकी घरातून पळत आल्या आणि थेट मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"बंद कर! माझा हिस्सा हाय हा!"

दीर मागून आला. "हिस्सा कसला गं? बाजूला हो, नायतर गाडून टाकीन इथंच."

"गाड ना! भावाला खाल्लास, आता मलाबी खा!"

त्याने त्यांचे केस धरले आणि खाली ओढलं. काकींनी त्याच्या मनगटाला दात लावले. तो ओरडला, पण त्यांनी सोडलं नाही, त्यांच्या हनुवटीवरून त्याचं रक्त ओघळलं. मग त्याने शेजारी पडलेलं फावडं उचललं. दांड्याचा पहिला फटका काकींच्या डोक्यावर बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. दुसरा फटका येताना मी मधे हात घातला. का घातला, मला माहीत नाही. विचार केला असता तर घातला नसता. मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली आणि मी मातीत बसले. पोकलेनवाला खाली उतरून पळून गेला होता. इंजिन तसंच धडधडत होतं आणि उकरलेल्या मातीतून माश्या वेड्यासारख्या बाहेर पडत होत्या. दीर फावडं हातात धरून उभा होता, धापा टाकत, आमच्यापैकी कुणी मेलंय का ते बघत.

शेजारच्यांनी आम्हाला रिक्षात घातलं. काकींच्या डोक्याला टाके पडले. माझं मनगट मोडलं होतं. एक्स-रेसाठी बसले असताना खिशात काहीतरी टोचलं, म्हणून डाव्या हाताने बरणी काढली. काच तडकली होती. आतला नर मी उजेडात धरला. सहाही पाय जागच्या जागी होते. मला रडू फुटलं. नर्सला वाटलं हात दुखतोय.

पोलिसांत तक्रार झाली, दीर जामिनावर सुटला, कोर्टाने खणणं थांबवलं. दरडीचा अर्धा भाग तोवर गेला होता. काकी त्या घरात झोपायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांना कामोठ्याला माझ्याकडे आणलं. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे नराचं पोट उघडताना सुई त्यांनी धरली.

"जोरात?"

"नाही काकी, अगदी हलकं. तो भाग फाटला तर सगळं गेलं."

सुई जराही हलली नाही. मायक्रोस्कोपखाली मागच्या पायावर एक वाकडा काटा दिसला, आणि आतल्या भागाची टोकं आकड्यासारखी दुभंगलेली. गटातल्या कुठल्याच ज्ञात जातीत असं नव्हतं. मी किंचाळलेच. काकींनीही डोळा लावून पाहिलं.

"एवढ्यासाठी मारला व्हय?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत पाहिलं. "नाव काय ठेवनार?"

"तुमचं ठेवू?"

"नको बाई. मेलेल्याला माझं नाव नको."

जातीला गावाचं नाव दिलं. तो नर आता एका संग्रहालयात टाचणीवर आहे, तीच त्या जातीची कायमची खूण. लेख छापून आला, पेपरात छोटी बातमी आली. आणि एका दुपारी काकींचा दीर कॉलेजात माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्याच्या मनगटावर दातांचे व्रण पांढरे पडले होते.

"बाई, लिवून द्या. माझ्या बाजूला ती माशी नाय हाय म्हनून. बातमी वाचून बिल्डर घाबरलाय, जमीन अडकंल म्हनून."

"नाहीच आहे," मी म्हटलं. "तुम्ही खणून काढलीत. लिहायचं तर तेही लिहीन."

त्याने टेबलावर मूठ आपटली. ट्रेमधल्या टाचण्या उडून फरशीवर पसरल्या. मी खुर्चीतून उठले नाही. दारात विद्यार्थी जमले तेव्हा तो वळला आणि शिव्या देत जिना उतरून गेला.

काकी आता परत ओव्याला राहतात, दाराला आतून दोन कड्या लावून. त्यांच्या बाजूची दरड उभी आहे. माझं मनगट पूर्ण वळत नाही, त्यामुळे माश्या पकडायचं जाळं डाव्या हाताने मारायला शिकतेय. नेम अजून चुकतो.