मोहिगुलनं फाटकाला कडी लावली

आमच्या बुखाऱ्याच्या गल्लीत दिवसा फाटकाला कुणी कडी लावत नाही. लावलीच, तर घरात भांडण झालंय नाहीतर कुणी जगातून गेलंय, असं धरून चालायचं.

शेजारची मोहिगुल मखमलीवर जरीकाम करते. हिवाळ्यापासून तिचा हात थरथरायला लागला. नवरीचा एक झगा बिघडला, तेव्हा कारखान्याच्या बाईंनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर सुई ठेव आणि झाडू घे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी डोळे मिटून शांत बस, श्वासाकडे लक्ष दे.

सांगायला काय जातं! कामावरून आली की सासूचा चहा, पोरांचे कपडे, तंदुरातले नान. जरा बसली की सासू सबोहत विचारायची, "का गं, कुणी काही बोललं तुला?" रिकाम्या हातांनी बसलेली सून म्हणजे रुसलेली सून. शिवाय संध्याकाळी शेजारणींचे जेवणाचे वाडगे घरोघरी फिरतात. आलेला वाडगा भरूनच परत करायचा.

एकदा सासू पोरांना घेऊन लग्नाला गेली. मोहिगुलनं कडी लावली.

तेवढ्यात समोरची रिसोलत गरम सुपाचा वाडगा घेऊन आली. फाटक बंद! हाका मारल्या, उत्तर नाही. झालं, गल्ली गोळा झाली. मी तर मयताला जाताना डोक्याला बांधतात तो रुमाल बांधूनच निघाले. ढकलाढकलीत कडी तुटली. मोहिगुल अंगणातल्या बाजेवर डोळे मिटून बसलेली. दचकून उठली, माझा रुमाल बघून पांढरी पडली.

"खाला, कोण गेलं?"

"तूच!" रिसोलत म्हणाली. "आता हे सूप कुणाच्या नावानं वाटू?"

सगळ्या हसल्या. मोहिगुलनं मात्र हात पुढे केला. थरथरत होता. "सुई गेली तर मी काय करू, खाला? एवढं बसू द्या ना मला."

दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडं आणि फाटकात मी, चौरंग टाकून. वाडगे मीच घेते.

"माझ्या सुनेला दरवान कशाला?" सबोहत फणकारली.

"मला इथं वारा लागतो. तू पण बस."

परवा रिसोलत आली. कुजबुजली, "बसलीय?"

"बसलीय. काल झग्याची अख्खी बाही भरली तिनं."

रिसोलत माझ्याशेजारी टेकली. "खाला, हे गप्प बसणं मला जमेल?"

"बघ की. वाडगा खाली ठेव आधी."